ओळखीची सही

"बाई, ही स्लिप परत घ्या. खात्यात पैसे नाहीत."

मी म्हटलं, "असं कसं होईल? काल पगार जमा झालाय. साडेचार हजार. संस्थेच्या क्लार्कनं माझ्यासमोर यादी पाठवली."

काउंटरवरच्या मुलानं पुन्हा एकदा स्क्रीनकडे बघितलं. मागच्या वर्षापर्यंत हाच मुलगा मला बघून उठून उभा राहायचा. आता त्यानं मान वर केली नाही.

"जमा झाले होते. कर्ज खात्याला वळते झाले. तुमचे हप्ते थकलेत ना, त्यापोटी."

"सगळे?"

"सगळे."

माझ्या मागं रांगेत आठ-दहा माणसं होती. त्यांतले दोन कापडवाले ओळखीचे. मी स्लिपची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि पंख्याखालच्या बाकावर जाऊन बसले. मे महिना होता, दोन हजार सात सालचा. सोलापुरातला मे, म्हणजे बाहेर पाऊल टाकलं की चपलेतून चटका बसायचा. पण मी उठत नव्हते ते उन्हामुळे नाही. महिनाभर तीस मुलींना शिवण शिकवून मिळालेला तो माझ्या आयुष्यातला पहिला पगार होता. घरी गॅस संपत आला होता आणि घरमालकाला मी दोन तारखेचा वायदा केला होता.

त्याआधी बारा वर्षं मी पगार देणारी होते. हत्तुरे युनिफॉर्म्स. बावीस मशिनं, अठरा बायका, दोन कटिंग मास्तर. शाळांचे गणवेश शिवायचे. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसायची. मग सीमेपलीकडच्या एका शिक्षणसंस्थेची मोठी ऑर्डर आली. तेरा शाळांची. मी आणि माझे मालक, दोघांनी सह्या करून कर्ज काढलं, नवी मशिनं घेतली, कापड उधारीवर उचललं. चार हजार शर्ट शिवून तयार झाले आणि त्या संस्थेत विश्वस्तांची भांडणं लागली. शाळा बंद पडल्या. शर्टांच्या खिशावर त्यांचं बोधचिन्ह भरलेलं. दुसऱ्या कुणी ते फुकटही घेतले नसते. दोन वर्षं आम्ही हातपाय मारले. एका भोकाला ठिगळ लावावं तर दुसरीकडं उसवायचं. शेवटी कारखान्याला कुलूप लागलं. बसवराज, म्हणजे माझे मालक, पुण्याला चुलतभावाच्या गोदामात लिखापढीला गेले. मी एका महिला संस्थेत शिवणवर्गाची बाई झाले.

बँकेतून उठले ती तशीच कोर्टामागं मंद्रुपकर वकिलांकडं गेले. आमचं नादारीचं प्रकरण त्यांच्याकडं होतं. नादारी म्हणजे दिवाळं. कोर्टाला लिहून द्यायचं की आमच्याकडं एवढं आहे, देणं एवढं आहे, आणि हे आमच्यानं फिटत नाही. अर्ज तयार होता, फक्त लावायचा होता.

मंद्रुपकर सत्तरीचे. टेबलावर कायम एक ओला रुमाल, तो मानेवर ठेवून बोलायचे. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पगार त्याच बँकेत घेतलात? ज्यांचं देणं आहे त्यांच्यातच? महानंदाबाई, मांजराला दुधाची राखण दिलीत तुम्ही."

"पण तो माझ्या घामाचा पैसा होता."

"त्यांनी काही चुकीचं केलं नाही. कर्जाच्या कागदात तसं लिहिलेलं असतं आणि खाली तुमची सही आहे. आता रडून उपयोग नाही. अर्ज लावायच्या आधी दुसरीकडं खातं उघडा. एकदा तुमचं नाव नादारांच्या यादीत छापून आलं की बँकवाले दारातून परत पाठवतील."

मी जरा पुढं सरकून म्हटलं, "जावेच्या नावावर एक खातं आहे. मालक म्हणत होते, संस्थेला सांगून पगार तिकडंच..."

त्यांनी रुमाल खाली ठेवला. "तुम्ही नादारीचा अर्ज करताय की लपवाछपवीचा? खातं तुमच्या नावावर. तुमच्या सहीचं. आणि ते मी अर्जात लिहिणार. बँकेचं नाव, शाखा, शिल्लक, सगळं. आणि दुसरं, साधं खातं घ्या. अगदी साधं. चेकबुक नको, ओव्हरड्राफ्ट नको, कसलं कार्ड नको. ज्या खात्यातून उधारी करताच येत नाही, असं."

"असं खातं असतं?"

"असतं. शून्य शिल्लक चालते. बँका स्वतःहून सांगत नाहीत, कारण त्यांना त्यात काही सुटत नाही. मागावं लागतं."

दुसऱ्या दिवशी मी मागायला निघाले. पण पाय आधी कुठं वळावेत? नव्या खाजगी बँकेकडं. थंडगार काचेचं दार, दारात गुलाबाची कुंडी. मला वाटलं, विचारून तर बघू. टाय घातलेल्या एका पोरानं पाणी आणून दिलं, मॅडम म्हटलं. सहा महिन्यांत मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. त्यानं विचारलं, "मॅडम, बिझनेस?" आणि मी काय बोलावं? "गणवेशांचा. हत्तुरे युनिफॉर्म्स."

"मग तुम्हाला साधं खातं कशाला? हे घ्या. पाच हजार शिल्लक ठेवायची. वर क्रेडिट कार्ड फुकट. चाळीस हजारांपर्यंत खर्च करा, दीड महिन्यानं भरा."

चाळीस हजार. ऐकल्याबरोबर माझं डोकं भराभर चालायला लागलं. घरभाडं, गॅस, धाकट्याची फी, कापडवाल्याला थोडे... तोवर काहीतरी होईल. मी फॉर्म भरायला घेतला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. "सध्या दुसरीकडे कर्ज आहे का", या ओळीपाशी आले. त्या पोरानं पेन्सिलीनं आधीच "नाही" वर खूण करून ठेवली होती. म्हणाला, "तिथं फक्त सही करा मॅडम, बाकीचं मी बघतो."

पेन कागदावर टेकलेलं होतं. मी खोटं सांगत नाही, मला ती सही करायची होती. मग त्यानं विचारलं, "मॅडम, पेन चालत नाही का? दुसरं देऊ?" मी पेन खाली ठेवलं, म्हटलं, घरी विचारून येते, आणि बाहेर आले.

दुपारी पूर्व भागातल्या सरकारी बँकेच्या शाखेत गेले. तिथं काचेचं दार नव्हतं. विडी कामगार बायका, यंत्रमागावरची माणसं, पेन्शनवाले म्हातारे, अशी गर्दी. कुंभार नावाचे अधिकारी होते. जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशावर शाईचा डाग. मी यावेळी सगळं आधीच सांगून टाकलं. कर्ज, कुलूप, पगार गेला ते, नादारीचा अर्ज. म्हटलं, यांना नंतर कळण्यापेक्षा आत्ताच नाही म्हणू देत.

त्यांनी चष्मा पुसला. "आमच्या शाखेचं काही देणं आहे?"

"नाही."

"मग मला काय भीती? या खात्यात शंभर असतील तर शंभर निघतील, एकशे एक निघणार नाहीत. उधारीला जागाच नाही. बुडवायचं म्हटलं तरी तुम्ही आम्हाला बुडवणार कशानं?" ते हसले, फॉर्म काढला. "रेशनकार्ड आणलंय? फोटो? बरं. आता एक ओळख लागेल."

"ओळख?"

"आमच्याच शाखेत खातं असलेल्या माणसाची सही. की ही बाई हीच आहे, मी हिला ओळखतो. कोण आहे तुमच्या ओळखीचं इथं?"

तेव्हा नव्या खात्याला अशी सही लागायची. मी आठवायला लागले. सोलापुरात मला ओळखणारे कमी नव्हते. पण ते सगळे बाजारातले. त्यांची खाती मोठ्या बँकांत, आणि त्यांतल्या निम्म्यांचं मी देणं लागत होते. या शाखेत कोण असणार? भिंतीवर बचत गटांतल्या बायकांची एक यादी लावलेली होती. सहज नजर गेली. तिसरं नाव वाचलं आणि मी मान खाली घातली.

"आहे कुणी?" कुंभारांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "पण ती सही देईल असं नाही."

"शुक्रवारपर्यंत फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. घेऊन या त्यांना."

सत्यम्मा दासरी. आम्ही सगळे तिला सत्तक्का म्हणायचो. सतरा वर्षांपूर्वी, मी घरी एका मशीनवर ब्लाऊज शिवत होते तेव्हापासून ती माझ्याकडं काजबटण करत होती. आधी विड्या वळायची. बोटं अशी चालायची की बघत राहावं. बाकी बायका शनिवारी मजुरी घेऊन जायच्या. सत्तक्का निम्मी घ्यायची आणि निम्मी माझ्याकडंच ठेवायची. "तुमच्याकडं राहू द्या वैनी. घरात आले की जातात. एकदम घेते." तिला स्वतःचं काज मशीन घ्यायचं होतं, जुनं का असेना. हातानं काज करून डोळे जायला लागले होते. साठत साठत ते अठरा हजार सहाशे झाले होते. आणि ते मी वापरले होते. कशात गेले तेही मला सांगता आलं नसतं. दोऱ्यात, डिझेलमध्ये, हप्त्यात.

दोन वर्षं ती मागत होती आणि मी म्हणत होते, "देते, सत्तक्का. सोमवारी देते." "शाळेचं बिल आलं की पहिलं तुझं देते." कारखाना बंद झाल्यावर चार महिने मी तिच्या गल्लीवरून जायचंही टाळलं होतं.

बुधवारी सकाळी मी विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत तिच्या घरी गेले. दारात चटई टाकून ती दुसऱ्या कुणाच्या तरी शर्टांना बटणं लावत होती. मला बघून हातातली सुई तशीच राहिली.

"वैनी? या की. बसा. पाणी देते."

तिनं पाणी दिलं. चार महिने तोंड दाखवलं नाही म्हणून एक शब्द बोलली नाही. मीच अवघडून म्हटलं, "सत्तक्का, एक काम होतं. बँकेत खातं उघडायचंय. तुझ्या बँकेत. ओळखीला तुझी सही लागतीय."

"माझी सही?" ती खुदकन हसली. "मला तर तेलगूत नाव लिहायला येतंय तेवढंच. चालंल का?"

"चालतं."

"मग देते की. त्यात काय एवढं? आत्ताच जायचं? थांबा, लुगडं बदलून येते."

ती उठलीसुद्धा. आत जाऊन ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मी दारात बसून होते. अर्ध्या तासात काम झालं असतं. कागद सही होऊन ड्रॉवरमध्ये गेला असता, मग काय व्हायचं ते होवो. कोर्टाची नोटीस तिला महिन्या-दीड महिन्यानं गेली असती. मंद्रुपकरांनी मला यादी वाचून दाखवली होती. आम्ही ज्यांचं देणं लागत होतो त्यांत नवव्या नंबरावर तिचं नाव होतं.

"सत्तक्का," मी हाक मारली. "आधी बाहेर ये. सांगायचंय."

ती पदर खोचत बाहेर आली. मी सांगितलं. दिवाळ्याचा अर्ज करतोय म्हणून सांगितलं. जे काही उरलंय ते कोर्ट विकणार आणि सगळ्यांना वाटणार म्हणून सांगितलं. मशिनं आधीच बँकेकडं गहाण, त्यामुळं वाटायला फार काही राहणार नाही. "तुझं नाव यादीत आहे. तुझे पैसे... बहुतेक मिळणार नाहीत. आणि हे खातं मला त्यासाठीच पाहिजे, की पगार तरी हातात यावा."

ती खाली बसली. शर्ट मांडीवर घेतला, बटण चिमटीत धरलं, पण सुई घातली नाही.

"सगळंच नाही मिळणार?"

"थोडं मिळेल. किती ते माहीत नाही."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. गल्लीतून भांडीवाली ओरडत गेली. सत्तक्कानं ते बटण चिमटीत फिरवलं. मग म्हणाली, "कारखान्यात ते काज मशीन हाय न्हवं? कोपऱ्यातलं?"

"आहे."

"ते मला द्या. पैशाच्या बदली. मी जावयाला टेंपो घेऊन पाठवते, कुणाला कळत न्हाई. तुमाला सही पाहिजे, मला मशीन. मिटलं."

कुलपाची किल्ली माझ्याकडंच होती. बँकेच्या माणसानं यादी केली होती, पण बावीस मशिनांत एक इकडचं तिकडं झालं तर कोण मोजत बसणार होतं? आणि तिचा हक्कही होता त्याच्यावर. इतर कुणाहीपेक्षा जास्त. तोंडात शब्द आलेच होते. "देते, सत्तक्का." दोन वर्षांची सवय.

"नाही," मी म्हटलं.

तिनं मान वर केली.

"ते माझं राहिलेलं नाही, अक्का. बँकेचं आहे. मी ते तुला देऊ शकत नाही. दिलं तर ती चोरी होईल, आणि उद्या पोलीस तुझ्या दारात येतील. मी देणार नाही."

"दोन वर्षं माझे पैसे वापरलेत तुमी."

"हो."

"आणि आता मशीन बी न्हाई, पैसे बी न्हाई, आणि वर सही पाहिजे."

"हो."

तिनं सुई बटणात घातली, दोरा ओढला. एक टाका, दुसरा टाका. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "जावा तुमी."

मी उठले. तिनं दिलेलं पाणी तांब्यात तसंच होतं, ते प्यायचंही राहून गेलं होतं.

संध्याकाळी बसवराजांचा फोन आला. मी सगळं सांगितलं तेव्हा ते पलीकडून म्हणाले, "द्यायचं होतंस मशीन. तिचा तळतळाट तरी लागला नसता." मी म्हटलं, "आता झालं ते झालं." मनातून मलाही तसंच वाटत होतं. आपण नेमकं नको तिथं शहाणपण दाखवलं, आणि तेही एका गरीब बाईसमोर, असं वाटत राहिलं.

शुक्रवारी मी बँकेत गेले ती फॉर्म परत मागायला. माझा फोटो होता त्याच्यावर, आणि फोटोची एकच प्रत उरली होती. साडेदहा व्हायला आले असतील.

आत बाकावर सत्तक्का बसली होती. लग्नात नेसायचं हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीत पासबुक. मला बघून उठली नाही, हसलीही नाही.

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. "सत्तक्का, तू?"

"कवापासनं बसलेय. साहेब म्हणाले, तुमचा कागद आजपातुरच हाय, तवा याल म्हणून वाटलं."

"तू सही देणार?"

"त्यासाठीच आलेय की." मग म्हणाली, "जावई नको म्हणाला. त्याला वाटतंय सही केली की तुमचं कर्ज आपल्या गळ्यात पडतंय. मी साहेबाला विचारलं आत्ता. ते म्हणाले, न्हाई, असं काय नसतंय. बाई हीच हाय एवढंच सांगायचं."

"पण परवा तर तू..."

"परवा राग आलाच मला. आजबी हाय. जाईल का एवढ्यात?" तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "मशीन मला पाहिजेच होतं वैनी, खोटं सांगत न्हाई. पण घरी बसून बघितलं मी. दोन वर्षांत तुमी मला किती येळा देते म्हणालात? मला मोजता येईना. परवा पैल्यांदा न्हाई म्हणालात. तुमी देते म्हणाला असता न्हवं, तर मी आलेच नसते बघा."

तेवढ्यात कुंभारांनी आतून हाक मारली.

त्यांनी फॉर्म पुढं केला. सत्तक्काचं पासबुक उघडून तिच्या सहीचं कार्ड काढलं. मग रिवाजाप्रमाणं विचारलं, "अम्मा, तुम्ही या बाईंना किती वर्षांपासून ओळखता? इथं लिहावं लागतं."

सत्तक्का विचार करायला लागली. कुंभार पेन धरून थांबले.

"काम केलं सतरा वर्षं," ती म्हणाली. "ओळख म्हणाल तर परवापासनं."

कुंभारांनी चष्म्यावरून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग "सतरा" लिहिलं. सत्तक्कानं पेन मुठीत धरून, जीभ दातांत घेऊन, एकेक गोल अक्षर काढत नाव लिहिलं. मी तोंड वळवून भिंतीवरच्या व्याजदरांच्या तक्त्याकडं बघत राहिले. डोळे भरले होते आणि ते तिला दिसू द्यायचे नव्हते. मला वाटलं, तिच्यासमोर रडायचा मला हक्क नाही.

पुढच्या आठवड्यात आमचा अर्ज लागला. त्यात त्या खात्याचा नंबर होता, शिल्लक शून्य. एक तारखेला त्यात साडेचार हजार जमा झाले आणि दोन तारखेला ते तिथंच होते. मी पाचशे काढले, गॅस आणला, घरमालकाला उरलेल्यांतले निम्मे दिले. कोर्टाच्या माणसानं पुढं कधीतरी ते पासबुक बघायला मागितलं, पानं चाळली आणि परत दिलं.

अडीच-तीन वर्षं तारखा चालल्या. वर्तमानपत्रात आमचं नाव छापून आलं तेव्हा मी तीन दिवस शिवणवर्गाला गेले नाही. चौथ्या दिवशी गेले तर मुलींनी काजपट्टीच्या शंका काढून ठेवल्या होत्या, त्यांना बातमीशी काही देणंघेणं नव्हतं. बँकेनं मशिनांचा लिलाव केला. काज मशीनवर सत्तक्काच्या बचत गटानं बोली लावली आणि नऊ हजारांना उचललं. सगळ्या बायकांनी मिळून, गटाच्या कर्जावर, रीतसर पावती घेऊन. ते टेंपोत चढताना मी तिथं नव्हते. तिनंच नंतर सांगितलं, की टेंपो जावयाचाच होता.

शेवटी वाटप झालं तेव्हा रुपयामागं अकरा पैसे आले. सत्तक्काच्या वाट्याला दोन हजार शेहेचाळीस. आणि दोन हजार दहाच्या पावसाळ्यात आमची नादारीतून सुटका झाल्याचा हुकूम मिळाला. मंद्रुपकर म्हणाले, "आता तुम्ही कुणाचं काही लागत नाही, महानंदाबाई. मोकळ्या झालात." मी त्यांना नमस्कार केला आणि तिथून घरकुलात गेले.

सत्तक्का मशीनवर होती. चष्मा लागला होता. मी म्हटलं, "सोळा हजार पाचशे चोपन्न राहिलेत तुझे. महिन्याला पाचशे जमतील. जास्त नाही जमणार."

तिनं मशीन थांबवलं नाही. "कोर्टानं सोडलं न्हवं तुमाला?"

"सोडलं."

"मग?"

"पाचशे जमतील," मी पुन्हा म्हटलं.

तिनं काज पूर्ण केलं, दोरा तोडला. "कवापासनं?"

"एक तारखेपासून."

"बरं," ती म्हणाली.

दर महिन्याच्या एक-दोन तारखेला मी बँकेतून पाचशे काढायची आणि चालत तिच्याकडं जायची. ती घ्यायची, कनवटीला लावायची, कधी मोजायची, कधी नाही. मग चहा व्हायचा. मधल्या काळात तिच्या नातवाला दात आले, तिच्या घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, बसवराज पुण्याहून परत आले आणि संस्थेनं माझा पगार वाढवला. एकदा मला ताप आला तर तीच आली, पैशासाठी नाही, पेज घेऊन. चौतिसावा महिना आला तेव्हा चोपन्न रुपये उरले होते. मी पन्नासची नोट आणि चार सुटे तिच्या हातात ठेवले.

"झाले, सत्तक्का."

"झाले?" तिनं ते चार रुपये तळहातावर पसरून बघितले. "मग फुडच्या महिन्याला?"

"पुढच्या महिन्याला काय? संपले ना पैसे."

तिनं चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी फार वंगाळ बोलले.

"म्हणजे आजवर पैशासाठी येत होतात होय तुमी?" ती म्हणाली, आणि उठून चहाचं आधण ठेवायला आत गेली.